रिवकाने टाइप केलेला कागद

रिवका चौलकरचा टाइपरायटरवर हात असा चाले की शेजारच्या गोऱ्या पोरीही बघत राहत. हॅरोहून ट्रेनने ती रोज लंडनच्या एका कचेरीत यायची. कारखान्यातलं कुठलं रसायन माणसाला काय करतं, याचे इशारे टाइप करून देशोदेशी धाडायचे, हे तिचं काम. त्यासाठी तेरा देश एकत्र आले होते आणि एकत्र येऊन मुख्यतः कागदी घोडे नाचवत होते. रिवकाची मात्र त्या घोड्यांवर श्रद्धा होती.

१९६८च्या मार्चात बेंझिडीनचा कागद तिच्यापुढे आला. रंगाच्या कारखान्यात लागणारी पूड. वर्षानुवर्षं अंगावर बसली तर मूत्राशयाचा कर्करोग. तिची बोटं थांबली. मुंबईत तिचा थोरला भाऊ सोलोमन हीच पूड पिंपांत भरत होता. दादा मराठी चौथी शिकलेला. पिंपावरचं इंग्रजी नाव तिनेच एकदा त्याला वाचून दाखवलं होतं.

"अहो, दादाला लिहू का?" तिने घरी नवऱ्याला विचारलं.

"सगळे देश अ‍ॅग्री होईपर्यंत कॉन्फिडेन्शियल आहे ना? तू फॉर्म साइन केलायस," इझिकेल म्हणाला. "प्रॉपर चॅनेलने जाईलच. तू कशाला मध्ये पडतेस?"

दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावण्याआधी ती दादाला पत्र लिही; दिवा लागला की ज्यूंना लिहिणं वर्ज्य. थंडी, मुलांची शाळा, सगळं लिही. पुडीबद्दल चकार शब्द नाही. एक ओळ लिहिली असती तर तिला कोण फासावर देणार होतं?

सगळ्या देशांचा होकार यायला दोन वर्षं लागली. कागद रवाना झाला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आता कारखानाच काळजी घेईल, दादाला उगीच कशाला घाबरवा, असं म्हणून ती तेव्हाही गप्प राहिली.

१९७१च्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी दादाचं पत्र आलं. "लघवीतून रक्त जातं. डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला. खात्यात वर्षभर लंडनचा एक इंग्रजी कागद लावलेला आहे. साहेब काही सांगत नाहीत, आम्हांला वाचता येत नाही. मी सगळ्यांना सांगतो, माझी बहीण तिथेच असते, ती असती तर वाचून दाखवला असता."

दिवा लावायची वेळ टळून गेली तरी रिवका टेबलाशीच बसून होती. मग तिने कोरं पत्र घेतलं आणि तो कागद आठवून मराठीत लिहून काढला. ओळी अकराच होत्या. वीस मिनिटं लागली.