चपला पायात

चप्पल मीच काढली. कोणी सांगितलं नव्हतं.

प्रतापनगरकडच्या एका लेआउटमधली, बंगल्यांच्या वसाहतीतली बाग. कापलेलं गवत, फरशीची वाट, कडेनं गुलाब. एवढी स्वच्छ जागा दिसली की माझे पाय आपोआप चपलेबाहेर येतात. देवळापुढे येतात ते ठीक, पण दवाखान्यापुढे, बँकेपुढेही येतात. एकदा तर एटीएमच्या दारात काढली होती. मागच्या माणसानं विचारलं, "काहो, आत कोनता देव आहे?"

तर त्या संध्याकाळी फाटकाबाहेर चपला जोडीनं नीट लावल्या आणि आत गेलो. बायको मात्र पायातल्यासकट आत. साडीवर मुलीचे जुने स्पोर्ट शूज. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, शुगर उतरवायची असेल तर रोज चाला. आमच्या वस्तीतल्या गल्लीत एका बाजूनं नाली, दुसऱ्या बाजूनं उभ्या गाड्या, मधे कुत्री. तिथं चालायचं कुठं? म्हणून ही बाग.

एक फेरा पुरा व्हायच्या आत लेआउटमधले एक साहेब आले. मागे चौकीदार.

"तू कोण रे?"

माझे केस पिकलेत. मोठ्या मुलीचं लग्न झालंय. तरी 'तू'.

"मागच्या वस्तीतला आहो साहेब. बायको चालून राहिली, तिच्यासंगं आलो."

"ही बाग माझ्या वडिलांनी दिलेली आहे. लेआउटमधल्या लोकांसाठी. वस्तीसाठी नाही." मग त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "चपला बाहेर काढल्यास ना? म्हणजे तुलाही कळतं, ही जागा तुझी नाही."

चौकीदाराला खूण झाली. त्यानं मेलेला उंदीर उचलावा तशी काठीच्या टोकानं एकेक चप्पल उचलली आणि भिरकावली. एक रस्त्यात पडली. एक नालीत.

मी अनवाणी, नालीत कोपरापर्यंत हात घालून चप्पल चाचपत होतो. बागेतल्या बाकावर बसलेले दोघं हसले. बायको फाटकात उभी होती.

घरी येऊन हात साबणानं घासला. वास गेला. साहेबांचं वाक्य जाईना. कारण ते खरं होतं. चपला मीच काढल्या होत्या. माझे वडील गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या दारापुढून जाताना चपला काखेत मारायचे. मालगुजारी गेली, मालगुजार गेला, वडील गेले. सवय तेवढी माझ्या पायांना ठेवून गेले. मी कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांचा टेम्पो हाकणारा माणूस, दिवसभर जोरात हॉर्न वाजवतो, आणि गवत बघून पाय आखडतो.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याच्या बापानं जागा देल्ली म्हन्ते. तं कुठंतरी लिहून असन ना?"

लिहून असणारच. कोणती जागा कोणाच्या नावावर, ते भूमापन कार्यालयात असतं. अर्ज केला, फी भरली की नक्कल कोणालाही मिळते. मलाही. हे मला माहीत होतं, पण त्या दारातून आत जायचा मी आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कोणाची माहिती पाहिजे?"

"साहेबांची."

"कोणते साहेब? नाव सांगा ना, काका."

नाव! ज्यानं माझी चप्पल नालीत घातली, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. साहेब म्हटलं की माझं काम भागत होतं. बाई हसल्या, मीही हसलो, आणि टेम्पो परत बागेकडे वळवला. फाटकाच्या खांबावर संगमरवरी पाटी आहे. साहेबांच्या वडिलांचं नाव, त्याआधी कै., त्याखाली 'यांनी दान केलेल्या जागेवर'. नाव मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. चौकीदार बघत होता. मी चपला घालून उभा होतो.

कार्यालयात काही फेऱ्या माराव्या लागल्या. बाबू जेवायला गेलेत, प्रिंटर बंद आहे, सोमवारी या. सोमवारी आलो. नक्कल हातात पडली ती तिथंच बाकावर बसून वाचली, बोट ठेवून, एकेक ओळ.

साहेबांच्या वडिलांचं नाव होतं. एका घराच्या प्लॉटवर. इतरांनी घेतला तसा त्यांनी विकत घेतलेला प्लॉट. खाली वारस म्हणून साहेबांचं नाव, ते तिथंच पहिल्यांदा कळलं. बागेच्या जागेवर दोघांचंही नाव नव्हतं. ना आत्ता, ना आधी. लेआउट आखला गेला त्या दिवसापासून तिथं एकच नोंद: सार्वजनिक मोकळी जागा.

दान नव्हतंच. फक्त पाटी होती. एवढी वर्षं आख्खी वस्ती एका पाटीला भिऊन बाहेरून वळसा घालत होती.

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. फाटकाशी माझा उजवा पाय सवयीनं उचलला गेला. बायकोनं नुसतं पाहिलं. पाय आत पडला, चपलेसकट.

साहेब आलेच. "परत? सांगितलं होतं ना?"

मी त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली. नावापुढे 'जी' लावलं, मी उद्धट नाही. म्हणालो, "ही जागा तुमच्या वडिलांची कधीच नव्हती. नक्कल आणली आहे, वाचा."

त्यांनी वाचली. मान लाल झाली. "कागद दाखवून कोणी मालक होत नाही."

"बरोबर आहे. पाटी लावूनबी होत नाही."

बाकावरचे दोघं या वेळी हसले नाहीत. साहेब चौकीदारावर ओरडले, "याच्या चपला फेक बाहेर!"

मी म्हणालो, "आज पायात आहेत. काढायच्या असतील तं वाकावं लागन."

चौकीदार जागचा हलला नाही. साहेबांकडे बघत राहिला. साहेबही वाकले नाहीत.

आम्ही चाललो. बायको पुढे, मी मागे. माझी चप्पल फरशीवर फटफट वाजत होती, आणि मी ती मुद्दाम जरा जास्तच वाजवत होतो.

घरी आल्यावर मी नक्कल काढली. म्हटलं, लॅमिनेशन करून आणतो, रोज खिशात ठेवतो.

बायको शूजची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "कागद पेटीत ठेवा. उद्या गल्लीतल्या साऱ्या बाया येऊन राहिल्या. मी सांगतलं त्याईले, चपला काढसान तं माह्यासंगं येऊ नका."