आदी तार बघा

दत्तूआण्णांना मी कधी कुठं बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा दारातच, उभ्यानं. वीस वर्षं मिल्ट्रीत वायरलेसवर काढून ते सांगलीत आमच्या गल्लीत राहायला आले, पण पायाला थारा म्हणून नव्हता. कुणाचा रेडिओ बिघडो नाहीतर फोन, हे वायरीचं टोक धरून निघायचे. "मिशीनला शिव्या दिऊ नगा गड्या, तिचं काय चुकलं न्हाई. आदी तार बघा," हे त्यांचं ठरलेलं.

मी त्यांना बोलावलं त्या दिवशी माझं डोकं पार कामातून गेलं होतं. नव्वदीची अखेर. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमचा. इंटरनेट फोनच्या लाइनवर चालायचं आणि स्वयंपाकघरातला दुसरा फोन कुणी उचलला की तुटायचं. म्हणून मी घरात दमच देऊन ठेवला होता, त्या फोनला हात लावाल तर याद राखा! तो दम मोडायची कुणाची टाप नाही, अशी माझी खात्री. ताई बाळंतपणासाठी अमेरिकेत दवाखान्यात. 'ऑपरेशन करावं लागेल, मेल करतो,' एवढंच दाजींनी कळवलेलं. आणि इथं मोडेम कर्रकर्र करून जोडायचा, मेल उघडायला लागलं की फट्! सात वेळा! आई सारखी आतून डोकवायची, "आलं का रे काही?"

"आलं की सांगीन ना!" मी खेकसलो.

आण्णांनी कॉम्प्युटरकडं बघितलंसुद्धा नाही. खिडकीतून आलेल्या तारेला बोट लावून चौकट, भिंत करत ते स्वयंपाकघरात शिरले. बराच वेळ बाहेरच येईनात. मग आवाज आला, "जॉइंट ढिला हुता रं. लाव आता. वैनी, च्या टाका जरा, बसतो मी."

आठव्यांदा जोडलं आणि टिकलं. मुलगी झाली होती, ताई सुखरूप होती. मी ओरडतच आत धावलो. आण्णा चक्क पाटावर मांडी घालून बसले होते, समोर आई, डोळ्यांना पदर. "च्या झ्याक झाला वैनी," म्हणत ते उठले आणि निघाले.

सहा महिन्यांत आण्णा गेले. त्यांच्या घरून परतल्यावर आई एकदम म्हणाली, "त्या दिवशी जॉइंटबिइंट काही नव्हता रे. मीच घडीघडी फोन उचलत होते. ताईचा आवाज येतोय का बघायला. आण्णांनी पाहिलं. म्हणाले, 'वैनी, लेकीची खबर तुमीच अडवलीया. ठिवा त्यो खाली. पोराला मी सांगत न्हाई. खबर येस्तवर बसतो तुमच्यापाशी.'"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू ओरडला असतास," आई म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

लाज वाटली मला. मी तिचा मुलगा, मधे एक भिंत, आणि त्या सगळ्या वेळात एकदाही तिच्यापाशी गेलो नव्हतो. आत जाऊन मी पाट ओढला. म्हटलं, "आई, चहा टाक. बसतो मी."