मागच्या दाराची पायरी

मागच्या दाराची पायरी वेगळ्या मालाची करायची हौस माझीच होती. त्यामुळे तिची कड आईच्या पायाखाली फुटली आणि आईचं मनगट मोडलं, तेव्हा घरात मला कोणी काही बोललं नाही तरी माझं मन थाऱ्यावर राहिना.

मी बडोद्यातल्या एका कॉलेजात स्थापत्य शाखेला शिकवते. गेली काही वर्षं प्रयोगशाळेत सिमेंटऐवजी वापरता येईल अशा एका भुकटीच्या मागे आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. त्या दगडातच कोंडलेला कार्बन वायू होऊन भट्टीतून बाहेर पडतो, आणि इंधनाचा धूर वेगळाच. आमची भुकटी मॅग्नेशियम सिलिकेटच्या हिरवट दगडापासून करतात. त्या दगडात असा कार्बन मुळातच नसतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कालवे बांधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी भट्ट्यांच्या धुराबद्दल बोलू लागले की ते वर्तमानपत्र उचलत. एकदा मात्र म्हणाले होते, "म्हणजे आम्ही आयुष्यभर पापच केलं म्हण की."

गेल्या उन्हाळ्यात समा भागातल्या आमच्या घराची मागची पायरी खचली. ती माझ्या मालाची होऊ दे, असा मी हट्ट धरला. चाचण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. पण प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यांवर कोणी चालत नाही, आणि मला कोणीतरी त्यावरून चाललेलं बघायचं होतं. बाबा लगेच हो म्हणाले याचंच नवल वाटलं. कडियाने, म्हणजे इथल्या गवंड्याने, भुकटी बोटांत चोळून पाहिली, हे सिमेंट नव्हेच असं गुजरातीत पुटपुटला आणि मी सांगितलं तसं काम करून गेला.

तिसऱ्या दिवशी मला परीक्षेच्या कामासाठी राजकोटला जावं लागलं. निघताना बाबांना बजावलं की हा माल सावकाश घट्ट होतो, महिनाभर त्यावर ओली पोती हवीत. ते मानेनेच हो म्हणाले. तिथून मी रोज फोन करायची. पायरीचं विचारायचं असायचं, पण आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवून द्यायची. बाबांना वाटलं असतं, पोरगी तपासणी करतेय.

तीन आठवड्यांनी परतले तेव्हा पायरी कोरडी, राखाडी, सुबक दिसत होती. मी चप्पल काढून तिच्यावर उभी राहिले. पोती कधी काढली हे विचारायचं सुचलंच नाही. त्यानंतर चारच दिवसांनी आई कपडे वाळत घालायला निघाली आणि बादलीसकट खाली आली.

दवाखान्यात तिच्या हातावरचं प्लास्टर बघता बघता घट्ट झालं. ते बघताना मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला न विचारता कडियाला बोलावलं, पायरी फोडली आणि सिमेंटची करून घेतली. मी तुकडे पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेले. कापून पाहिले तर आतला भाग पक्का होता. वरचा बोटभर थर मात्र नखाने निघत होता. उन्हाने पाणी आधीच ओढून घेतलं होतं.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. तास घेताना फळ्यावर अर्धं समीकरण लिहून थांबायची. एकदा काही काम नसताना स्कूटरने जुन्या शहरात मांडवीपर्यंत गेले, गर्दीत अडकले आणि तशीच परत आले. घरी आलं की आधी मागच्या दारी जायचं, नव्या पायरीकडे बघायचं, पुन्हा पुढच्या खोलीत यायचं.

अशीच एका संध्याकाळी मागे उभी असताना बाबा शेजारी येऊन थांबले.

"पोती मी सातव्या दिवशीच काढली होती," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सिमेंटला सात दिवस पाणी मिळालं की मी काम पास करायचो. हाताला घट्ट लागली. म्हटलं, महिनाभर कशाला? सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

आधी मला हलकं वाटलं. मग संताप आला, आणि मग दोन्हीची लाज वाटली.

"आल्यावर मीही विचारलं नाही, बाबा. आणि चाचणी न झालेला माल आईच्या पायाखाली मीच घातला."

"ते तर आहेच," ते म्हणाले.

आतून आई सगळं ऐकत होती. तिने सांगून टाकलं की पायरी सिमेंटचीच राहील आणि आमचे प्रयोग तुळशीच्या कुंडीखाली करावेत. तसंच झालं. मी चार लाद्या ओतल्या आणि महिनाभर बाबांनी त्यांना पाणी घातलं. लाद्या छान आहेत. आईचं मनगट जुळलं, पण जरा वाकडं. तिला पोळ्या लाटताना त्रास होतो, म्हणून आता त्या मीच करते, जाड होतात.

पायरीची हकीकत मी अहवालात लिहिली. घरचं कशाला, असं विभागप्रमुख म्हणाले. मी ती काढली नाही.

परवा बाबांनी जेवताना विचारलं, सिमेंट आतल्या लोखंडी सळईला गंजापासून सांभाळतं, तसं तुझा माल सांभाळेल का? मला अजून माहीत नाही, असं मी सांगितलं. रजा होती, तरी हात धुऊन सळई घातलेला ठोकळा ओतायला कॉलेजला निघाले.