आबांचा नवा भात

शेजारी आंबेमोहर शिजत असला की मी खिडकी लावून घेतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला वास सोसत नाही.

तरुणपणी मी भोरच्या कचेरीत उमेदवारी करत होतो. कारकुनीवर कायम व्हायचं, एवढंच डोक्यात. आई गेल्यावर आबा आंबवड्याला एकटेच राहत. त्या साली कुणी आंबेमोहर म्हणून दिलेलं नवं बियाणं त्यांनी एका खाचरात लावून पाहिलं. तपकिरीनं त्यांचं नाक गेलेलं, म्हणून भात चाखायला मला मुद्दाम बोलावलं. धुरात डोळे पुसत त्यांनी स्वतः तो शिजवला, देवापुढं ठेवला आणि माझ्या पानात वाढला. वाफ तोंडावर येत होती. मी मात्र साहेबांशी उद्या काय बोलायचं ते जुळवत भराभर गिळत होतो.

"वास हाय का रं?" आबांनी विचारलं.

"लई झ्याक हाय," म्हणालो आणि हात धुवून भोरची वाट धरली.

पुढं मी बराच वर चढलो. त्यातलं आज काही आठवत नाही, ते पान तेवढं आठवतं.

त्या जेवणानंतर वर्षानं कायम झाल्याचे पेढे घेऊन घरी गेलो. आबांनी सगळ्या खाचरांत तेच बियाणं लावलेलं. जेवताना पहिल्यांदाच नीट घास घेतला. भाताला कसलाच वास नव्हता.

"आबा, ह्याला वास न्हाई."

"आसंल," आबा म्हणाले. "तुला आवडला म्हून समदीकडं ह्योच लावला. म्हटलं, भातापायी तरी येत जाशील."