अ‍ॅमस्टरडॅममधला श्रावणी सोमवार

आधीच सांगते, मी या सदराची थट्टा करणारी वाचक आहे. दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्चेस बघते. तीन कोटेशन्स आल्याशिवाय खिळासुद्धा घेत नाही, मग भुताखेतांवर कुठून विश्वास ठेवणार? तरीही हे लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाच्या आतेबहिणीला झालेलं नाही. मलाच झालंय. आणि खरं सांगू? भीतीपेक्षा वैताग जास्त आलाय.

इथल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून मी, नवरा अमेय, तेरा वर्षांची इरा आणि माझे सासरे आप्पा असे अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या आणि आप्पा सांगलीहून आमच्याकडे दुबईत, देराच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून त्यांचं जेवण म्हणजे दोन घास. जरा हवापालट होईल, माणूस खाईल-पिईल, एवढाच त्या ट्रिपचा हेतू होता.

तिकिटं मी काढली. हॉटेल मी बुक केलं. फक्त पंचांग बघितलं नाही… आणि ऐन श्रावणात आम्ही युरोपात!

म्हणजे कांदा-लसूण बंद. म्युझियम झालं की मी प्रत्येक रेस्टॉरंटच्या दारात उभी राहून विचारणार, "नो अनियन? नो गार्लिक?" आणि मग कोरडा पाव घेऊन आप्पा म्हणणार, "केवढ्याला? म्हणजे पंचवीस दिरहम… म्हणजे सहाशे रुपये! पावाला?" बोटीतून कालवे दाखवले तर म्हणाले, "पाणी हिरवं आहे." फुलांच्या बाजारात म्हणाले, "तिला आवडलं असतं." मग पुढे चालायचं.

आणि मग आला सोमवार.

श्रावणी सोमवार सासूबाईंचे. त्या गेल्यावर आप्पांनी ते स्वतःकडे घेतले. दिवसभर एखादं केळं, आणि सूर्य मावळल्यावर उपवास सोडायचा. वर डायबेटिसच्या गोळ्या. दुबईत सात वाजून गेले की सूर्य मावळतो, त्यामुळे निभावतं. पण तिथे उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत लख्ख उजेड! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं हो.

संध्याकाळी आम्ही कालव्याकाठच्या एका इंडोनेशियन रेस्टॉरंटमध्ये बाहेरच्या टेबलावर बसलो. भात तरी मिळेल म्हणून ते शोधलेलं. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. आप्पांच्या कपाळावर घाम होता आणि ग्लास धरलेला हात थरथरत होता. शुगर उतरत होती, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

"आप्पा, खलास, पुरे झालं. आता खा," अमेय म्हणाला.

"सूर्य वर आहे."

"अहो, दुबईत केव्हाच मावळला!" मी म्हटलं. "सांगलीत तर लोक जेवून उठले असतील."

"मी सांगलीत आहे का?"

"आप्पा, प्लीज," इरा रडवेली झाली. "यू आर शेकिंग."

मी चहात साखर घालून तो पुढे केला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. "तिचा सोमवार आहे. मोडणार नाही."

माझं डोकंच फिरलं. परक्या देशात यांना चक्कर आली तर अ‍ॅम्ब्युलन्स कुठून बोलवायची, इन्शुरन्सचे कागद हॉटेलवर… आणि मनात, खोटं कशाला बोलू, सासूबाईंवरही राग आला. 'गेलात त्या गेलात, वर हा उपवास ठेवून गेलात मागे.' अगदी याच शब्दांत. मी तोंड फिरवलं आणि कालव्यात एक बदक पोहत होतं, त्याच्याकडे बघत बसले.

बदक पुलाखाली गेलं. मी मान वळवली.

टेबलावर मेणबत्ती जळत होती. भर उन्हात. बाकी सगळ्या टेबलांवरच्या विझलेल्या. आप्पा एका वाडग्यातून दूधभात खात होते. साखर घातलेला, चमच्याने नाही, हाताने. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अमेय आणि इरा माझ्याकडे बघत होते. इराच्या ताटातला फ्राइड राइस निम्मा संपलेला… तो आला कधी, हेही मला माहीत नव्हतं.

"दूधभात कुणी मागवला?" मी विचारलं.

"तू," अमेय म्हणाला.

"मी? मी खुर्चीतून हलले नाहीये!"

"ममा, यू गॉट अप. काउंटरवर गेलीस. फॉर लाइक… एजेस."

मी तडक वेट्रेसला गाठलं. ती गोंधळली. म्हणाली, मॅडम, तुम्हीच आलात, साधा भात, गरम दूध आणि साखर मागितलीत, आणि मेणबत्ती आत्ताच लावा म्हणालात. मला वाटलं, तुमची काही प्रार्थना असेल.

परत आले तर इरा कुजबुजली, "अँड यू कॉल्ड आप्पा बाय हिज नेम. म्हणालीस, 'दत्तू, दिवा लागला. जेव आता.'"

मी! सासऱ्यांना! एकेरी! आमच्याकडे सासूबाईंनीसुद्धा उखाण्याबाहेर कधी आप्पांचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. अमेयला विचारलं तर तो पांढराफटक. म्हणे, "दत्तू हे मीही आज पहिल्यांदाच ऐकलं."

आप्पांनी वाडगा निपटला. रंग परत आला होता चेहऱ्यावर. मग सावकाश म्हणाले, "श्रावणात आमच्याकडे सूर्य दिसतोय कुठे? ढगच. ती दिवा लावायची, तोच आमचा सूर्यास्त. मी विसरलोच होतो." हात पुसत म्हणाले, "आणि एकांतात ती मला दत्तूच म्हणायची."

दुबईतल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून 'स्ट्रेस' म्हटलं. ठीक आहे, स्ट्रेसने माणूस उठेल, भात मागेल. पण जे नाव मला कुणी कधी सांगितलंच नाही, ते स्ट्रेसने कुठून आणलं? मैत्रीण म्हणाली, कधीतरी कानावर पडलं असेल. केव्हा? लग्नानंतर सांगलीला मी गणपतीत चार दिवस जायची, आणि त्यातही सासूबाई मला स्वयंपाकघरात फिरकू देत नसत. "तुला जमायचं नाही," म्हणायच्या. आणि वेळ आली तेव्हा बरं मलाच कामाला लावलं! पोटचा मुलगा शेजारी बसला होता की.

दुबईला परतल्यावर पुढच्या सोमवारी मी सात वाजून गेल्यावर देवापाशी दिवा लावला आणि म्हटलं, "आप्पा, दिवा लागला. बसा."

ते बसले. पण ताटाला हात लावेनात. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आज तूच आहेस का गं?"

"हो आप्पा. मीच."

"बरं," म्हणाले, आणि जेवले. दोनच घास.

तेव्हापासून दर सोमवारी हेच चाललंय. दिवा लागतो, ते बघतात, मी नजर चुकवते. ते नाव घेऊन बघावं असं खूपदा जिभेवर येतं. घेत नाही. ते माझं नाहीच.

काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा. माझं मागणं एवढंच आहे आणि ते वाचकांकडे नाही. सासूबाई, यायचं तर या, मला उठवायचं तर उठवा. पोटभर जेवू दे त्यांना एकदा. फक्त या वेळी मला आधी सांगा हो… मलाही तुम्हाला बघायचंय.