आधी हात विचारणारे रिमोटवाले

“रिमोट ऱ्हाऊ द्या. आधी हात कुणाचा हाय ते सांगा,” हे रिमोटवाल्यांचं पहिलं वाक्य. गिऱ्हाईक टीव्हीची कंपनी सांगत उभं, आणि हे हात विचारणार. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तुम्ही कधी रिमोट शोधत फिरला असाल, तर तुम्हालाही विचारलं असेल.

“वडलांचा,” मी म्हटलं. “उजवी बाजू गेलीय. डाव्या हातावर सगळं, आणि तोही थरथरतो.”

माझ्या भाच्यानं टीव्हीला कॉम्प्युटर जोडून त्यात ढीगभर कुस्त्या भरून दिल्या आणि तो पुण्याला निघून गेला. टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटरला चालेना, माउस आबांना जमेना. मग दर कुस्तीला मला हाक. आयुष्यात कधी कुणाला पाणी मागून न प्यालेला माणूस. हाक मारायची लाज वाटून आबा तासन्‌तास बंद पडदा बघत पडायचे.

हवेत हलवला की पडद्यावर बाण हलतो, असा एक महागडा रिमोट मी बोटानं दाखवला.

“त्यो नगो ताई. हात थरथरला की बाण पळणार. मानूस आधीच खचल्याला, त्येला आनी पळवायचं कशाला?” त्यांनी तो मला विकलाच नाही. धंद्यात ते असे उरफाटेच.

रविवारी पिशवीत चार रिमोट घालून ते घरी आले. आल्या आल्या, “सरका जरा आबा,” म्हणत सरळ आबांच्या शेजारी खाटेवर आडवे झाले.

“खाट मोडंल की रं!” आबा म्हणाले आणि हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

तिथं झोपूनच रिमोटवाल्यांनी टीव्हीचा अंदाज घेतला. रिमोटचा उजेड पकडणारी काळी डबी, रिसिव्हर, वायरनं टीव्हीखाली आणून खाटेच्या रोखानं बसवली. मी एक रिमोट उचलला तर म्हणाले, “निवडायचा त्येनी. तुमी न्हवं.” आबांनी मोठ्या बटणांचा, सगळ्यात बोजड रिमोट निवडला. त्या दिवशी त्यांनी सात कुस्त्या स्वतः लावल्या, आणि एकदाही हाक मारली नाही.

खंडेनवमीला मी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. मिक्सर, स्कूटर, कॉम्प्युटर. दसऱ्याच्या सकाळी रिमोट चालेना. सेल बदलले, तरी नाही. आबा दुपारपर्यंत बटण दाबत होते. मग हात चादरीखाली घेतला आणि म्हणाले, “ह्यो हात बी गेला.” श्रीखंडाला शिवले नाहीत. मी फोन केला.

सणाचा दिवस, तरी ते आले. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. मोबाइलवर जांभळा ठिपका लुकलुकला. “रिमोट जित्ता हाय, आबा. तुमचा हात बी हाय.” मग खाली वाकले आणि खो खो हसत सुटले. “ताई, डोळाच झाकलासा की ह्येचा!”

रिसिव्हरवर मीच ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं होतं, पुढ्यात झेंडूचं टपोरं फूल ठेवलं होतं. त्यांनी आधी हात जोडले, मग रुमालानं कुंकू पुसलं. “दाबा आबा.” आबांनी दाबलं. पडद्यावर मल्ल भिडले. आबांनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला तो सोडेचनात. मी दारात उभी होते. मला काही वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

मार्चमध्ये सेल आणायला गेले तर शटर खाली. शेजारचा दुकानदार म्हणाला, “गेले की. अटॅक. आठ दिवस झालं.” मी बरं म्हटलं. मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

आबांना सांगितलं. त्यांनी चालू कुस्ती बंद केली आणि रडले. मी मेथी निवडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेतला आणि उशीखाली ठेवला. “वापरला तर झिजंल. आता बिघडला तर कोन येनार हाय?”

“दुसरा आणू की, आबा.”

“नगो.”

आता एक कुस्ती संपली की ते मला हाक मारतात. मी उठते, माउसनं पुढची लावते आणि परत कामाला लागते.