सूर्यभानचे पोटभर ससे

पाथर्डीच्या सूर्यभानला कुणी चार शब्द सांगायला गेलं, की तो आधी हसायचा आणि मग फसायचा. लढाईच्या वर्षांत त्याच्या डोक्यात ससे शिरले. नगरच्या छावणीतल्या गोऱ्यांना सशाचं मटण लागतं असं कानावर आलं, आणि या पठ्ठ्यानं बायकोची दुभती शेळी विकून पांढऱ्या सशांच्या जोड्या आणल्या! कडूबाईनं घर डोक्यावर घेतलं. "आवं, पयल्या खेपेच्या पैशात माझी शेळी परत आणून दारात बांधा. न्हाईतर मी चालले म्हायेरी, खर्ड्याला!"

छावणीतला खानसामा छगन यानं बजावलं होतं, "तीन महिन्यांचा कोवळा माल आन." पण सूर्यभानचा जन्म बोकड विकण्यात गेलेला. एवढंसं जनावर कुणी विकतं होय? "वाढू द्या की अजून!" म्हणत त्यानं त्या जोड्यांची पिल्लं आठ महिने लसूणघास आणि बाजरी चारून पोसली. शिवाय नगरला निघायच्या दिवशी मीठ चाटवून भरपूर पाणी पाजलं. बोकड तोलाला लावताना वजन वाढवायची ही युक्ती कधी चुकली नव्हती.

छगननं मात्र आधी तराजूला हातच लावला नाही. ससे कापले, सोलले, पोटं साफ केली आणि मग तोललं. सूर्यभानचं सगळं पाणी आणि सगळा घास बादलीत गेला.

"आरं, अर्धा ससा गेला कुठं?" तो ओरडला.

"बादलीत बघ की," छगन म्हणाला. "ऱ्हायलंय त्यात बी निम्मी चरबी, अन् मांस चिवट. सायबाचं दात पाडतोस व्हय? कोवळं आन, अन् उपाशी पोटी आन."

मिळालं त्यात शेळीचं शेपूटही आलं नसतं. सूर्यभान पडल्या तोंडानं घरी आला, तर कडूबाईचं गाठोडं उंबऱ्यावर तयार! तिनं सगळं ऐकून घेतलं. मग गाठोडं आत नेऊन ठेवलं आणि पदर खोचला.

"आता घरच्या माद्यांना व्हतील ती पिल्लं माझी. तुमी निस्ता घास कापायचा."

नव्या पिल्लांना तीन महिने भरले तशी ती त्यांची पाटी घेऊन नगरच्या मोटारीकडं निघाली. सूर्यभान मागं धावला. "अगं, आठ दिस तरी थांब! आत्ता कुठं अंग धराया लागल्यात!" तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिसऱ्या खेपेनंतर ती परतली ती शेळी घेऊनच. सूर्यभान लगबगीनं पुढं झाला, शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बेस हाय! म्हैनाभर चारली तर बाजारात..."

"हात काढा," कडूबाई म्हणाली. "ही दुधासाठी हाय."